कापसाला लागलेलं काळं म्हणजे घाण नाही

नमस्कार सर,

तुमचे दोन स्टार आणि खालची तक्रार वाचली. वडिलांच्या संग्रहातल्या एलपी, म्हणजे विनाइलच्या गाण्याच्या तबकड्या, आमच्याकडे धुवायला दिल्यात, एकीचे १५० रुपये मोजलेत, तरी दोन एलपी अजून टकटक करतात. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचं खोकं आम्ही न धुता परत केलं. मग तुम्ही घरीच त्या सर्जिकल स्पिरिटनं पुसायला घेतल्यात आणि लिहिलंत, ‘पहिल्याच पुसण्यात कापूस काळाकुट्ट, एवढी घाण दुकानदाराला दिसली नाही?’

स्टारचं नंतर बघू. आधी ती स्पिरिटची बाटली बंद करून ठेवा. कापसाला लागलंय ते तबकडीचं अंग आहे.

७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेच्या असतात. लाकडाला पॉलिश करणारे कारागीर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, तीच ही लाख. तबकडीत तिच्या जोडीला दगडाची बारीक भुकटी आणि काळ्या रंगासाठी काजळी असते, आणि या सगळ्याला धरून ठेवते ती लाख. स्पिरिट लागलं की लाख सुटते आणि काजळी कापसावर येते. गाणं पुसून जाईपर्यंत घासलंत तरी कापूस काळाच निघणार.

आमच्या मशीनच्या द्रावणात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. एलपी विनाइलची असते, तिला तेवढं चालतं. लाखेला त्याचा थेंबही नको. खोकं परत करण्याचं कारण एवढंच होतं, आणि पावतीच्या मागे ‘७८ला स्पिरिट/अल्कोहोल लावू नये’ असं लिहूनही दिलं होतं. पावती जवळ असेल तर बघा.

ज्या तबकड्या पुसून झाल्यात त्या आता पुन्हा पुसू नका. सावलीत, एकीला दुसरी लागणार नाही अशा उभ्या ठेवा. पूर्ण कोरड्या होईपर्यंत पाकिटात घालू नका, ओलसर लाखेला कागद चिकटून बसतो. जिथली चकाकी गेली आहे तिथल्या, गाणं कोरलेल्या खाचा पूर्ववत होणार नाहीत, हे खोटा धीर न देता सांगतो. बाकीच्या मात्र वाचतील. त्यांना डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश पुरे. ब्रश खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा नाही. लेबल कोरडं ठेवायचं. भिजत तर अजिबात ठेवायचं नाही, कारण तडा असेल तर पाणी आत शिरतं. साध्या डिस्टिल्ड वॉटरनं एकदा पुसून घेऊन लगेच मऊ कापडानं टिपायचं.

एवढं करूनही ७८मधून सतत येणारी सरसर राहील. त्यातली बरीचशी त्या दगडाच्या भुकटीचीच असते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई या भुकटीवर झिजून खाचेच्या आकाराची व्हायची, म्हणून तर दर बाजूला नवी सुई लावायचा नियम होता. काटकसर म्हणून एकाच सुईवर महिना काढणारी घरं होतीच, आणि त्यांच्या तबकड्या आज आम्हाला ऐकताक्षणी कळतात. ७८ तुम्ही एलपीच्याच सुईवर लावत असाल तर तेही थांबवा. ७८च्या सुईचं टोक साधारण तिप्पट रुंद असतं. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन तिथला कचरा तेवढा ऐकवते.

आता टकटक करणाऱ्या दोन एलपी. घड्याळ घेऊन ऐका. एलपीच्या मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगानं तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत होतो. टक् बरोबर त्याच अंतरानं येत असेल तर तो चरा आहे. धुळीची खरखर अशी तालात येत नाही. मोठ्या, चढ्या स्वरातच आवाज फाटत असेल तर जड किंवा झिजलेल्या सुईनं खाच खाल्लेली असते. धुण्यानं धूळ, बोटांचं तेल आणि पावसाळ्यातली बुरशी जाते. चरा आणि झीज जात नाही. त्या दोन एलपींपुढे पावतीवर ‘चरा’ लिहून तुम्हाला दाखवलं होतं, त्यामुळे त्यांचे पैसे परत करणार नाही. बाकीच्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके होते, ते आता आहेत का, तेवढं मात्र बघा.

‘हे तर घरी नळाखाली होतं’ असंही तुम्ही लिहिलंय. घरी होतं, नळाचं पाणी मात्र नको. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वाळलं की त्यातला क्षार खाचेत बसतो आणि नवी खरखर सुरू होते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, कृती वर दिली तीच, फक्त विनाइल पाण्यानं नीट खळखळून घेतलं तरी चालतं. वाळवायला भांड्यांच्या स्टँडवर उभी करा, गॅलरीतल्या उन्हात नको, वाकते. मशीनचे १५० रुपये आहेत ते खाचेतलं मळकं पाणी तिथेच वाळू न देता ओढून घेण्याचे. दहा-पंधरा एलपी असतील तर हातानं धुवा, आमचं काही म्हणणं नाही. कोलिन मात्र नको.

जुनी कुबट पाकिटं आम्ही बदलली त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत, बिल पुन्हा वाचा.

स्पिरिट न लागलेल्या ७८ घेऊन या. सोमवारी दुकान बंद असतं. हातानं कशा धुवायच्या ते काउंटरवर एक तबकडी धुऊन दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. पुसलेल्यांपैकीही एक आणा, किती गेलंय ते भिंगाखाली दोघं बघू. आणताना खोक्यात उभ्या ठेवा, मध्ये मध्ये पुठ्ठा घाला, आणि स्कूटरवर पायाशी ठेवून आणू नका.