गोड बोला, बाकी प्रभू बघून घेईल

सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या गोतावळ्यात, प्रेमळ म्हणून नाव काढायचं असेल, तर फार जीव काढायची गरज नाही. उपासना सुटली की दाराशी उभं राहा, भेटेल त्याला दोन्ही हातांनी सलाम करा आणि विचारा, ‘काय, बरं आहे ना?’ विचारताना नजर मागून येणाऱ्या डॉक्टरसाहेबांवर असू द्या. समोरचा खरंच ‘बरं नाही हो’ म्हणून सांगायला लागला, तर ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ म्हणत दोन पावलं सरकावं.

कुणाची उणीदुणी काढणं पाप, हे चर्चमधल्या लहानपणीच्या शब्बाथशाळेपासून पाठ आहे. म्हणून घरगुती प्रार्थनासभेत कुणाबद्दल बोलू नये. ‘प्रार्थनेचा विषय’ द्यावा. डोक्यावरचा पदर सारखा करत, हळूच: ‘एका बहिणीच्या सुनेसाठी प्रार्थना करू या. नाव कशाला घ्या, पण विश्रामबागेत माहेरी येऊन बसलीय. दागिन्यांवरून झालं म्हणे.’ ‘कुठले हो दागिने?’ असं कुणी विचारलंच, तर रागावू नका. तपशील असला की प्रार्थना नेमकी होते. चहा-भडंग येईपर्यंत सासूपर्यंत पोचता येतं. उरलेलं आमेननंतर, फाटकाशी, चपला शोधता शोधता.

प्रीतीनं सत्य बोला, असं बायबलात प्रेषित पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो. यातलं सत्य तेवढं उचला. ‘ताई, प्रीतीनं सांगते, राग मानू नका’ एवढं म्हटलं की पुढे लेकाचे मार्क, लेकीचा रंग, नवऱ्याची बाटली, काहीही काढायला मोकळीक मिळते. ऐकणारीचा चेहरा उतरला तर तिचा विश्वास कच्चा.

पौलाच्याच करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय मात्र लग्नातच वाचावा. प्रीती सहनशील आहे, ती फुगत नाही वगैरे. नवरानवरी तेव्हा फोटोत गुंतलेली असतात, त्यामुळे कुणाला लागत नाही. पौलानं हे लग्नासाठी लिहिलंच नव्हतं. गट पाडणाऱ्या, कुणाचं वरदान मोठं यावरून चढाओढ करणाऱ्या आणि प्रभुभोजनाला गरिबांना उपाशी ठेवून स्वतः जेवणाऱ्या मंडळीला लिहिलं होतं, ही गोष्ट चारचौघांत काढू नका. उगाच चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीच्या निवडणुकीआधी वाचायची टूम निघायची.

उघड्या-उपाशी भावाला ‘सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव’ म्हणून रिकाम्या हातानं वाटेला लावणाऱ्यांची बायबलातल्या आपल्या पत्रात याकोबानं चांगलीच हजेरी घेतलीय. पण याकोबाकडे व्हॉट्सॲप कुठं होतं? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीत शिरली, तेव्हा जोडलेल्या हातांची चित्रं धाडून आपण केवढी सेवा केली! गाळ उपसायला गेलेल्यांचे हात चिखलात होते; ग्रुपवर ते बिचारे मागेच पडले.

आता वारसा. अमेरिकन मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं, कुष्ठरोग्यांचीही सोय झाली. वानलेसवाडी हे नाव त्यांचंच. भाषणात हे सगळं गळा दाटून सांगावं. (मला विचाराल तर त्या माणसाच्या गोड बोलण्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही, ऑपरेशनंच सांगतात. असो.) घरी आल्यावर भांडीवालीला ‘ए’ म्हणून हाक मारायला हरकत नाही. ती कुठं आपल्या मंडळीची आहे?

राहता राहिली माफी. ‘माझं काही चुकलं असेल तर’ ही पुस्ती कधी सोडू नका. काय चुकलं ते सांगायची जबाबदारी मग समोरच्यावर जाते. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे खरं. पण ते शब्दशः घेतलं, तर अर्पणाची थैली फिरायच्या वेळेला निम्मी मंडळी रिक्षा करून एकमेकांच्या घरी गेलेली असायची. खजिनदाराचा तरी विचार करा.