पिपाणी आणि पंचावन्न डेसिबल

‘सामायिक झाडांची पाने तोडून कर्णकटू वाद्ये वाजवू नयेत,’ अशी सूचना काल आमच्या सोसायटीच्या फलकावर लागली असून तिच्यात नाव नसले तरी चारही मजले माझ्याकडे पाहून हसत आहेत. माझा गुन्हा एवढाच, की रविवारी मी मुलांना पपईच्या देठाची पिपाणी करायला शिकवली.

पपईचा देठ आतून पोकळ असतो. पान छाटायचे, पण पानाकडचे टोक बंदच ठेवायचे. त्याच्या जरा खाली ब्लेडने पेरभर उभी चीर द्यायची, चीक धुऊन टाकायचा आणि चीर पूर्ण तोंडात घेऊन फुंकायचे. चिरेवर ओठ दाबले की आवाज बसतो, हे आठ वर्षांच्या चिमुरडीला पहिल्याच देठाला उमगले आणि मला चौथ्या. देठ जितका लांब तितका आवाज जाड, हे कळताच मुलांनी उंचीप्रमाणे देठ वाटून घेतले आणि हंबरणाऱ्या म्हशीपासून शेपटी सापडलेल्या मांजरापर्यंत सप्तक लागले.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे नाना मोबाइल पुढे धरून उतरले. त्यात आवाज मोजण्याची सोय होती.

“निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. नियम २००० सालचे आहेत.”

“नाना, ही पपई आहे.”

“पपई कोणाची?”

“सोसायटीची.”

“देठ तोडण्याचा ठराव झाला होता?”

हे झाड कोणीही लावलेले नाही. ते कुंपणाशी आपले आपण उगवले, तेही ठरावाशिवाय. त्याचीच पिकलेली फळे नानांच्या घरी कोणत्या ठरावाने जातात, हे विचारायचे मी संस्कारांमुळे टाळले आणि त्याची हळहळ अजून वाटते.

नानांनी मोबाइल एका पिपाणीसमोर धरला. आकडा ७८. तो पाहताच बाकीच्या मुलांना मोजणी ही स्पर्धा वाटली आणि प्रत्येक जण गाल फुगवून रांगेत उभा राहिला. “थांबा!” नाना ओरडले. चिमुरडीने पडद्यात डोकावून ८४ हा आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाली, “नाना, तुम्ही पहिले!”

सूचना लागली ती त्यामुळे, असा माझा संशय आहे. ढोल म्हटला की ज्या गावाचे नाव आधी घेतले जाते, त्या नाशकात आम्ही राहतो; रात्री साडेअकराला वरातीच्या डीजेने खिडक्या थरथरतात तेव्हा हा मोबाइल बहुधा चार्जिंगला असतो. बॅटरीवर तेच तेच गाणे किंचाळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांनाही कोणाची हरकत नाही. चिकाने अंगाला खाज सुटते म्हणून एका आईने तक्रार केली असती, तर मी निमूट ऐकून घेतली असती.

आज चिमुरडीने फलकावरची सूचना बोट ठेवून वाचली आणि विचारले, “काका, गुलमोहराच्या खाली पडलेल्या शेंगा म्हणजे तोडलेल्या नाहीत ना?” त्या वाळक्या शेंगा हलवल्या की आतल्या बिया छान खुळखुळतात. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे अकरा जमल्या आहेत.