‘सगळे ओळखीचेच तर आहेत’ या आक्षेपाला उत्तर

सर,

प्रतिक्रियेखाली तुम्ही ‘एक जुना प्रशिक्षक’ एवढंच लिहिलंय, म्हणून सर म्हणते. हौशी फिगर स्केटिंग क्लबची आचारसंहिता कशी असावी, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच खरमरीत लिहिलंत. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की लहान क्लबात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे एवढे नियम म्हणजे कोचला आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं. मुलाला हात लावायचा नाही, एकट्याला शिकवायचं नाही, आवाज चढवायचा नाही, मग शिकवायचं कसं? आणि शेवटचा टोला: नियमांनी लबाड माणूस थांबत नाही, भला माणूस मात्र कंटाळून निघून जातो. बर्फावरच्या शिस्तीचे नियम तेवढे तुम्हाला मान्य आहेत.

मग तिथूनच सुरुवात करू. ज्याचं म्युझिक चालू आहे त्याला सगळ्यांनी वाट द्यायची, हे आपण पहिल्या आठवड्यात शिकतो. लुट्झ ही उडी घेणारा कोपऱ्याकडे पाठमोरा येतो, तेही बाकीच्यांच्या प्रवाहाच्या उलट्या वळणावर, त्यामुळे त्या कोपऱ्यात रेंगाळायचं नाही. पडलात तर लगेच उठा. गप्पा मारायच्या तर कठड्याबाहेर. हे सांगितल्यावर आजवर एकही कोच ‘म्हणजे मी मुद्दाम कुणाला धडकतो असं म्हणायचंय का?’ असं म्हणत अंगावर आलेला नाही. ब्लेड ब्लेड असतं आणि वेग वेग असतो, हेतूचा प्रश्नच येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

जोडीने स्केटिंग करणारी येलेना बेरेझ्नाया तुम्हाला आठवत असेलच. १९९६ च्या जानेवारीत लाटव्हियाच्या रीगामध्ये सराव करताना शेजारी शेजारी कॅमल स्पिन, म्हणजे एक पाय मागे आडवा ताणून घ्यायच्या गिरक्या, चालू होत्या. दोघांमधलं अंतर कमी झालं आणि जोडीदाराचं ब्लेड तिच्या डोक्यात घुसलं. कवटीला इजा झाली, वाचा गेली, बोलणं पुन्हा शिकावं लागलं. दोघेही आंतरराष्ट्रीय दर्जाचे, रोज एकत्र सराव करणारे. ओळख होती, कौशल्य होतं, आणि अंतर चुकलं.

बर्फाबाहेरचे नियमही अंतराचेच आहेत. मोठा माणूस आणि लहान मूल, शिकवणारा आणि शिकणारा, पैसे घेणारा आणि देणारा यांच्यात किती अंतर असावं, एवढंच त्यात ठरवलेलं असतं. बर्फावर जे आपण हेतू न तपासता मान्य करतो, ते चेंजिंग रूमच्या दारात आल्यावर एकदम अपमान का वाटायला लागतं?

आता ‘सगळे ओळखीचे’ याविषयी. माझा खरा मतभेद इथेच आहे. माझ्या मते क्लब जितका लहान, तितकी नियमांची गरज जास्त. मोठ्या संस्थेत तक्रार ऐकायला निदान एखादा परका माणूस मिळतो. लहान क्लबात काय असतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. कोच कमिटीवर. त्याची बायको खजिनदार. टेस्टसाठी, म्हणजे स्केटिंगच्या पुढच्या पातळीच्या परीक्षेसाठी, नावं पाठवणारी सेक्रेटरी त्याच्याच विद्यार्थिनीची आई. सकाळच्या चांगल्या सेशनच्या वेळा वाटणारा त्याचा जुना शिष्य. यातलं कुणीही वाईट नाही असं धरून चाला. तरी एखाद्या आईला काही खटकलं तर ती जाणार कुणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ. ती गप्प बसते. किंवा गाजावाजा न करता मुलीला काढून घेते आणि ‘अभ्यास वाढलाय’ असं कारण देते. मग क्लब छातीठोकपणे सांगतो, आमच्याकडे आजवर एकही तक्रार आलेली नाही!

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. लेखी नियम असला की भिडेचा प्रश्न मिटतो. ‘सर, मला तुमच्याबद्दल शंका आहे’ असं म्हणायला छाती लागते. ‘सर, नियम आहे म्हणून मी थांबते’ हे कुणालाही म्हणता येतं. तुम्ही म्हणता लबाड थांबत नाही. नसेलही. पण हा नियम मुळात त्या आईच्या तोंडात शब्द द्यायला आहे.

हात लावण्याबद्दल. ‘हात लावायचा नाही’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही, आणि तसं लिहिणाऱ्याने कधी कुणाला स्केटिंग शिकवलेलं नसेल. लँडिंगच्या वेळी उघडणारा खांदा हाताने थोपवूनच कळतो. आणि हार्नेस घ्या. गळ टाकून बसल्यासारखी लांब काठी कोचच्या हातात, तिची दोरी मुलीच्या पट्ट्याला, मुलगी उडी घेते त्या क्षणी कोच शेजारून जाता जाता काठी वर खेचतो. तो पट्टा घट्ट हवा, सैल असला तर वर सरकून बरगड्यांत रुततो. म्हणजे कुणीतरी तो ताणून बघायलाच हवा. मी एवढंच म्हणते की पट्टा मुलीने स्वतः बांधावा, कोचने ‘ताणून बघू का?’ असं विचारावं, आणि हे कठड्याशी, सगळ्यांदेखत व्हावं. साहित्याच्या खोलीत नको. विचारायला दोन सेकंद लागतात. आणि रोज विचारलं जाणाऱ्या मुलीला हेही कळतं की न विचारता लावलेला हात वेगळा असतो. तिच्या शिक्षणाचा हा भाग मला सॅलकाऊच्या उडीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

एकट्याला शिकवण्याचंही तसंच. प्रायव्हेट लेसन हा या खेळाचा कणा आहे, तो कोण मोडणार? चारी बाजूंनी दिसणारा, दिव्यांनी उजळलेला वर्ग रिंकसारखा दुसरा नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये खेळाडूंना गैरवर्तनापासून जपण्यासाठी सेफस्पोर्ट केंद्र सुरू झालं. त्यांच्या नियमांचा गाभा असा: मोठा माणूस आणि लहान खेळाडू दोघंच असले तर ते इतरांना दिसेल आणि कुणीही मध्ये येऊ शकेल अशा जागी असावेत. रिंकवर हे आपोआप होतं. अडचण असते ती गाडीत, स्पर्धेच्या गावी हॉटेलात आणि रात्रीच्या मेसेजमध्ये.

मेसेजचंच उदाहरण घ्या. चौदा वर्षांची मुलगी रात्री अकराला कोचला लिहिते, ‘आज परत फ्लिपची उडी सुटली, सोडून देऊ का सगळं?’ चांगला कोच उत्तर देणारच. न देणं त्याला निष्ठूर वाटेल. उद्या ती परत लिहील, परवाही. त्याचा हेतू निर्मळ आहे, पण दोन महिन्यांनी त्या दोघांत एक असं संभाषण तयार झालेलं असतं जे तिच्या आईला माहीत नाही. आईला कळतं तेव्हा कोचकडे सांगण्यासारखं काही नसतं, कारण त्याने केलेलं काहीच नसतं. मेसेजमध्ये पालक असलाच पाहिजे असा नियम असता, तर त्याने पहिल्याच रात्री आईला जोडून ‘उद्या बर्फावर बोलू’ असं लिहिलं असतं आणि झोपला असता. हा नियम कोचच्या बाजूचा आहे, सर. तुम्हाला तो उलटा दिसतोय याचं मला आश्चर्य वाटतं.

तसं पाहिलं तर कोच लोकांना नियमांचं वावडं कधीच नव्हतं. अमेरिकेतली प्रोफेशनल स्केटर्स असोसिएशन ही कोच मंडळींची संघटना १९३८ पासून आहे, आणि दुसऱ्या कोचचा विद्यार्थी फोडायचा नाही ही तिची नीती स्केटिंगमध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहे. हा नियम योग्यच आहे. पालक लेसनचे पैसे थेट कोचला देतात, त्यामुळे विद्यार्थी गेला की रोजगार गेला. पण त्यात कुणालाही ‘माझ्यावर अविश्वास दाखवला’ असं वाटत नाही. कोचचं पोट सांभाळणारा नियम शिस्त, आणि मुलाला सांभाळणारा नियम संशय, हे गणित मला सुटत नाही.

आवाज चढवण्याबद्दल फार लिहीत नाही. रिंकवर म्युझिक चालू असतं, ओरडल्याशिवाय ऐकूच जात नाही. ओरडा. माझा आक्षेप ओरडून काय बोललं जातं याला आहे, आणि त्यातही वजनाला. उडीत हलकं, सडपातळ शरीर भराभर फिरतं, हे साधं भौतिकशास्त्र आहे, म्हणूनच कोचला मोह होतो. रशियाची युलिया लिपनित्स्काया २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण घेऊन गेली आणि २०१७ मध्ये, अॅनोरेक्सियावर, म्हणजे वजनाच्या धास्तीने खाणं तोडण्याच्या आजारावर, उपचार घेऊन, एकोणिसाव्या वर्षी निवृत्त झाली. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २०२२ मध्ये सीनियर गटाचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर न्यायचं ठरवलं, ते काही हौस म्हणून नव्हे. हौशी क्लबात तर वजनकाटा आणायचं कारणच नाही. चार जणींसमोर ‘काय, सुट्टीत जोरात खाल्लंस वाटतं’ असं म्हणणारा कोच माझ्या नियमांत लेखी ताकीद घेईल. तुम्हाला हे जास्त वाटत असेल तर वाटू द्या.

पालकांसाठी आधी नियम करा, असं तुम्ही लिहिलंत. ते लेखात आहेत: कठड्यावरून शिकवायचं नाही, दुसऱ्याच्या मुलाचा व्हिडिओ काढून पसरवायचा नाही, कोचचे पैसे थकवायचे नाहीत. आणि टेस्टच्या दिवशी जजना गाठायचं नाही. हा शेवटचा नियम लोकांना हास्यास्पद वाटतो. साध्या क्लब टेस्टला कोण दबाव आणणार? पण बेरेझ्नायाकडेच परत बघा. त्या अपघातातून उठून तिने २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला नव्या जोडीदाराबरोबर, आंतोन सिखारुलिद्झेबरोबर, ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. आणि लगेच फ्रान्सच्या जज बाईंनी आपल्यावर दबाव आल्याचं सांगितलं, मग शब्द फिरवला. दुसऱ्या आलेल्या कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण द्यावं लागलं, आणि ६.० पैकी गुण द्यायची जुनी पद्धत पुढे दोन वर्षांत मोडीत निघाली. बेरेझ्नायाचा यात काडीचा दोष नव्हता, तरी तिच्या पदकाचं नाव निघालं की तो वाद निघतोच. जजच्या टेबलापाशी नुसतं ‘नमस्कार, ती निळ्या ड्रेसमधली माझी’ म्हणणारे बाबा आपल्याच मुलीच्या निकालावर असा डाग पाडतात.

एका बाबतीत मी तुमच्याकडून आहे. काही क्लब आचारसंहितेत घालतात की सभासदाने क्लबविरुद्ध जाहीर बोलू नये, बोलल्यास सभासदत्व रद्द. हे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मुलांची नावं, फोटो, खासगी बाबी जपा, पण कारभारावर टीका करायला बंदी नको. असा नियम कुठे दिसला तर तुम्ही जरूर भांडा, मी सोबत आहे.

आणि कागदावर नियम असणं पुरेसं नाही, हेही मान्य. १९९९ मध्ये अमेरिकेत एका नामांकित कोचविरुद्ध त्याच्याच माजी विद्यार्थ्याने लैंगिक गैरवर्तनाची तक्रार केली. तिथल्या फिगर स्केटिंग संघटनेने ती फेटाळली, कारण घटनेपासून ६० दिवसांत तक्रार यायला हवी असा नियम होता. लहानपणी झालेल्या गोष्टीची तक्रार ६० दिवसांत! तक्रार फेटाळायला नियम बरोबर सापडला. त्याच कोचला निलंबित व्हायला २०१८ उजाडलं.

म्हणून कुठल्याही क्लबाची आचारसंहिता हातात आली की मी आधी तक्रारीचं पान उघडते. मुलाशी गैरप्रकार झाल्याची शंका असेल तर कमिटीने स्वतः चौकशीचा आव आणायचा नाही, थेट पोलिसांत जायचं, हे तिथे स्पष्ट हवं. बाकी तक्रारींना मुदत नको. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याने बैठकीतून उठून जायचं. तक्रार करणाऱ्याच्या मुलीची सकाळची वेळ पुढच्या महिन्यात अचानक ‘भरली’ असं व्हायला नको, म्हणून त्या काळात वेळांचं वाटप दुसऱ्या कुणाकडे द्यायचं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तक्रार ऐकणारा माणूस क्लबबाहेरचा हवा. त्याला स्केटिंग कळायला हवं, नाहीतर हार्नेसचा पट्टा ताणणं आणि नको तिथे हात लावणं यातला फरक त्याला समजणार नाही. त्याचं मूल किंवा विद्यार्थी त्या क्लबात नको, आणि कमिटीशी त्याचं देणंघेणं नको. कोच मंडळींना त्याचा दबदबा वाटायला हवा.

असा माणूस शोधताना लहान क्लबांच्या नाकी नऊ येतात. तुम्ही आता शिकवत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. एखाद्या क्लबाने उद्या तुम्हाला या कामासाठी विचारलं, तर हो म्हणाल का? आणि म्हणालात तर माझ्या लेखातले कोणते नियम खोडाल, ते इथे खाली लिहा. त्या खुर्चीत बसणाऱ्याने खोडलेले नियम मला वाचायचे आहेत.