फुकटचा जाणकार

सौदा ठरत आला होता. ओक्लाहोमातल्या त्या गन शोमधला, म्हणजे बंदुका आणि जुन्या लष्करी वस्तूंच्या बाजारातला, विक्रेता म्हातारा होता, कानाने अधू होता, आणि त्याच्या मते टेबलावरची वस्तू म्हणजे 'आजोबांची कसलीशी चामडी पेटी'. मी लांबूनच ओळखली होती : मॅककीव्हर! १८७० च्या दशकातल्या अमेरिकन पायदळाची काडतूसपेटी. पुस्तकासारखी उघडते, आत दोन्ही बाजूंना दहा-दहा काडतुसं, झाकणावर लंबगोलात 'यू. एस.'. चेहरा शक्य तितका बावळट ठेवून मी म्हणालो, "बघू, मुलाच्या नाटकाला होईल." (बावळट चेहऱ्यासाठी मला फारसे कष्ट पडत नाहीत, असं घरचे म्हणतात.)

"अरे वा! मॅककीव्हर!"

मागून आवाज आला. आवाज कसला, दवंडीच. काऊबॉय टोपी, पोटावर ताणलेले गॅलस, हातात फुकटची कॉफी. गृहस्थांनी माझ्या हातातून पेटी काढून घेतली आणि चक्क हुंगली. डोळे मिटून! मग खिशातून टॉर्च काढून झाकणाच्या आत मारला. "रॉक आयलंड आर्सेनलचा शिक्का! लेफ्टनंट मॅककीव्हर, १८७३ चं पेटंट!" मग पितळी खुंटी, मग शिवण, मग लिटल बिगहॉर्न, म्हणजे १८७६ ची ती लढाई, जिच्यात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी सेनानी कस्टरची तुकडी कापून काढली. "कुणी सांगावं, कस्टरच्या माणसाचीही असेल!"

कस्टरच्या माणसांच्या म्हणून जेवढ्या वस्तू विकल्या गेल्यात, तेवढ्या खरंच त्यांच्याजवळ असत्या तर बिचारे घोड्यावर चढलेच नसते. शिवाय कस्टरचं घोडदळ, ही पेटी मुळात पायदळाची. पण बोलायची सोय नव्हती. नाटकवाल्या मुलाच्या बापाला हे कुठून ठाऊक असणार?

आणि विक्रेत्याला आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. किंमत जागच्या जागी तिप्पट झाली.

मजा म्हणजे त्या काळच्या शिपायांना चामड्यात काडतूस ठेवणं अजिबात आवडत नसे. चामडं कमावताना वापरलेल्या टॅनिनमुळे तांब्या-पितळेच्या काडतुसांवर हिरवा चिकट थर चढायचा आणि काडतूस बंदुकीत अडकायचं. म्हणून पोरांनी आपले आपण, काडतुसं अडकवायला फासे लावलेले पट्टे शिवून घेतले. १८७६ मध्ये सरकारलाही शहाणपण सुचलं आणि कॅनव्हासचे पट्टे आले. शिपाई जिला वैतागले, तिच्यासाठी मी दीडशे वर्षांनी घाम गाळत होतो.

"कुठले तुम्ही?" गृहस्थांनी विचारलं.

"इंडिया."

"मग काय! तुमच्याकडचेच बनवतात ना हे? घाऊक काय भाव पडतो?"

इथे माझं हसू आटलं. भारतात अशा नकला बनतात, खरंय. कानपुरात तर इंग्रजांच्या फौजेसाठी खोगिरं बनवणारा कारखाना एकोणिसाव्या शतकापासून आहे. पण म्हणून दर टेबलापाशी मी गिऱ्हाइकाचा व्यापारी का व्हावा? त्याच रांगेतल्या गोऱ्या माणसाने तीच पेटी उचलली की तो संग्राहक. मी उचलली की टाके मोजतोय, नमुना न्यायला आलाय! पैसे मात्र दोघांचे सारखेच हिरवे.

"तुम्ही घेताय का?" मी शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं.

"छे! माझ्याकडे तीन आहेत," टॉर्च खिशात घालत तो म्हणाला, आणि विक्रेत्याची पाठ वळलेली बघून हळूच पुढे वाकला. "एक काढायचीय. याच्यापेक्षा पाच डॉलर कमी लावतो."