‘तीन कॉप्या आहेत’ म्हणून निर्धास्त राहू नका

डेटाबेस सांभाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतो: "डेटा तीन नोडवर आहे, खराब होणार नाही. इंडेक्स बिघडलाच तर रीइंडेक्स करा. टेबल बनवताना ‘इफ नॉट एग्झिस्ट्स’ लिहा, स्कीमाची चिंता मिटली." (नोड म्हणजे डेटा ठेवणारं एक मशीन, इंडेक्स म्हणजे ओळी पटकन शोधण्यासाठी क्रमाने लावलेली यादी, रीइंडेक्स म्हणजे ती पुन्हा बांधणं, स्कीमा म्हणजे टेबलांचा आराखडा, आणि ‘इफ नॉट एग्झिस्ट्स’ म्हणजे टेबल आधीपासून नसेल तरच बनव.) नवी मुलं यावर विसंबून बॅकअपकडे दुर्लक्ष करतात, म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा. जास्तीच्या कॉप्या मशीन बंद पडण्यापासून वाचवतात. चुकीचा डिलीट मात्र तितक्याच इमानदारीने तिन्हीकडे पोचतो.

इंडेक्सचं प्रकरण जास्त गंभीर आहे. पोस्टग्रेस (एक डेटाबेस) लिनक्सवर मजकुराचा क्रम सहसा ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्लिबसीला (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) विचारून लावतं, आणि २०१८ साली ग्लिबसी २.२८ मध्ये तो क्रमच बदलला. ‘१-१’ आणि ‘११’ ‘सॉर्ट’ कमांडला द्या: इंग्लिश लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) जुनं ग्लिबसी ‘११’ आधी ठेवतं, नवं ‘१-१’. आता समजा प्रायमरी (जिथे लिहिलं जातं ते मुख्य मशीन) जुन्या सिस्टिमवर आहे आणि रेप्लिका (तिची कॉपी) नव्या सिस्टिमवर. स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने (बदल सतत कॉपीकडे पाठवण्याने) इंडेक्स जसाच्या तसा रेप्लिकावर येतो, पण तिथे शोध नव्या नियमाने चालतो आणि भलत्याच फांदीत शिरतो. उत्तर येतं: शून्य ओळी. एरर नाही, आणि पोस्टग्रेस १५ च्या आधी सहसा लॉगमध्येही अवाक्षर नाही. इंडेक्स न वापरता पूर्ण टेबल वाचलं की तीच ओळ समोर दिसते.

ही रेप्लिका उद्या प्रायमरी झाली तर? युनिक इंडेक्सला (एकच मूल्य दोनदा येऊ न देणाऱ्या इंडेक्सला) जुनी ओळ सापडत नाही, म्हणून हायफन असलेला तोच ईमेल दुसऱ्यांदा आत येऊ शकतो. मग रीइंडेक्स डुप्लिकेटवर अडतं. दोनपैकी खरा ग्राहक कोणता, हे माणसालाच बसून ठरवावं लागतं. म्हणून सिस्टिम बदलली की लिहिणं सुरू करण्याआधी मजकुरावरचे इंडेक्स पुन्हा बांधा, आणि शंका असेल तिथे ‘एमचेक’ (इंडेक्स तपासणारं पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन) चालवा.

राहिला स्कीमा. कॅसँड्रात (अनेक नोडवर चालणारा दुसरा एक डेटाबेस) दोन नोडवरून एकाच वेळी तेच टेबल बनवलं, तर ‘इफ नॉट एग्झिस्ट्स’ असूनही दोन वेगळे आयडी तयार होऊ शकतात. डिस्कवर एकाच नावाचे, शेपटाला वेगळा आयडी असलेले दोन फोल्डर दिसतात. त्यातला एक आयडी टिकतो. दुसऱ्यात गेलेल्या ओळी क्वेरीला दिसत नाहीत. मायग्रेशन (स्कीमातले बदल) एकाच ठिकाणाहून चालवा, आणि ‘नोडटूल डिस्क्राइबक्लस्टर’ ही कॅसँड्राची कमांड सगळ्या नोडवर एकच स्कीमा व्हर्जन दाखवेपर्यंत पुढची कमांड देऊ नका.