बंगला बांधताय? मजुरांची नावं विचारू नका

गोव्यात पर्वरीला प्लॉट घेतलात, टीसीपी म्हणजे नगरनियोजन खात्यापासून पंचायतीपर्यंत सगळे उंबरठे झिजवून परवाना मिळवलात, अभिनंदन! आता एकच विघ्न उरलं आहे, ते म्हणजे कामगार संघटना. गणपतीला नारळ ठेवून हे विघ्न टळत नाही, थोडी हुशारी लागते.

पहिली गोष्ट, साइटवर कुणाचं नाव माहीत करून घेऊ नका. ‘ए विजापूर’, ‘ए झारखंड’ एवढं पुरतं. तो तुम्हाला ‘पात्रांव’ म्हणजे मालक म्हणणार, आणि पात्रांवानं बिगाऱ्याचं नाव विचारायची रीत नाही. नाव विचारलं की ते वहीत लिहावंसं वाटतं. वही झाली की हजेरी आली आणि हजेरीतून निघतात ते 90 दिवस. वर्षभरात 90 दिवस बांधकामावर घाम गाळल्याचा दाखला असला, की 18 ते 60 वयाचा मजूर बांधकाम कामगारांच्या सरकारी कल्याण मंडळात नोंद करून पोरांची शिष्यवृत्ती, अपघाताची भरपाई, म्हातारपणी पेन्शन वगैरे मागू शकतो. दाखला देणार कोण? मालक किंवा कंत्राटदार. तुम्ही हात वर केलेत की विषय मिटायला हवा. पण बऱ्याच राज्यांच्या नियमांत नोंदणीकृत संघटनेचा दाखलाही चालतो, तिथंच सगळा घोळ आहे.

या घोळाचं मूळ दिल्लीत. 1982च्या आशियाई खेळांसाठी तिथं धडाक्यात कामं चालली होती. मजुरी दिवसाला 9 रुपये 25 पैसे. ठेकेदार ती मजूर पुरवणाऱ्या जमादाराच्या हातात ठेवी आणि जमादार त्यातला एक रुपया आपल्या खिशात टाकी. किती सुटसुटीत कारभार! पण कुणाला तरी तो रुपया खुपला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी, असं न्यायालयानं सुनावलं. एका रुपयासाठी एवढं! मग देशभरातल्या बांधकाम कामगारांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांना पुढे करून केंद्रीय कायद्याच्या मागे लागल्या. दहा-अकरा वर्षं चिकाटीनं लागल्या, तेव्हा कुठे 1996 साली कायदा झाला आणि मजुरांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर बसला.

उपकराची धास्ती घेऊ नका. तो भरा, पावती फाइलला लावा. पैसा मजुरापर्यंत पोचतोच असं नाही. कामगारांच्या निधीतून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन खरेदी झाल्याचं 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं होतं. तुमच्या साइटवरच्या पत्र्याच्या खोपटात विजेचा एक बल्ब लोंबतोय, तोही तुमच्या पंपाच्या जोडणीवरून ओढलेला, त्यामुळे मशीन तिथं आलं नाही ते बरंच झालं.

कायदा दहा किंवा अधिक मजुरांना लागू होता. म्हणून कागदावर नऊच ठेवायची प्रथा पडली. स्लॅबच्या दिवशी घमेल्यांच्या रांगेत तीसजण दिसले तर ते मुकादमाचे पाहुणे.

गोव्यात तुमची बाजू मुळात भक्कम आहे. पोर्तुगीज अमदानीत संप हा गुन्हाच होता. 1961 नंतर संघटना जोरात आल्या त्या खाणींवर आणि मुरगाव बंदरात, कारण तिथं गेट एक, पगाराचा दिवस एक, साहेबही एकच. बांधकामावरचा माणूस आज म्हापशात, उद्या कोलव्यात. लाल बावटा रोवायचा तरी कुठे? त्यात तुमच्या हाताशी ‘घाटी’ हा शब्द आहे. रविवारी ग्रामसभेत भायल्यांच्या, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या, नावानं कडकडीत भाषण ठोका आणि घरी येऊन मुकादमाला फोन लावा, “उद्या आणखी चारजण पाठव रे.” अंगणातले चिरे स्थानिकानंच लावावेत असा आग्रह अजून एकाही ग्रामसभेत ऐकलेला नाही.

काणकोणचं उदाहरण कुणी काढलं तर विषय बदला. 4 जानेवारी 2014ला तिथल्या चावडी भागात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, तीसच्या आसपास मजूर गेले, ढिगारा उपसायला कित्येक दिवस लागले. अशा वेळी पहिला प्रश्न येतो, आत माणसं किती होती? उत्तर हजेरीच्या वहीत असतं. वही ठेवू नका, हा सल्ला मी वर दिलेलाच आहे.

आणि आता तर 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्यात. संप करायचा तर चौदा दिवस आधी नोटीस हवी. तुम्ही फक्त नाक्यावरून रोज नवा माणूस उचला. नोटीस द्यायला चौदा दिवस टिकतोय कोण?