ड्रम कोअरच्या प्रेक्षकाला बार्टोक पेलतो

दरवर्षी ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसची फायनल्स आटोपली की ड्रम कोअरच्या, म्हणजे मैदानावर फिरत ब्रास आणि तालवाद्ये वाजवणाऱ्या पथकांच्या, चाहत्यांमध्ये तोच जुना वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते की हल्लीच्या शोमध्ये गुणगुणता येईल असे काही उरलेलेच नाही, कुठल्या तरी आधुनिक संगीतकाराचे दुर्बोध तुकडे आमच्या माथी मारले जातात. दुसरी बाजू, म्हणजे शो रचणारे आणि त्यांचे समर्थक, म्हणते की प्रेक्षकाला नवे काही ऐकायचेच नसते, त्याला चित्रपटातली आणि ब्रॉडवेची गाणी दिली की तो खूश. अमेरिकेत आल्यापासून मी हा प्रकार आवडीने पाहत आलो आहे, माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये वाजवते, आणि मला या दोन्ही बाजू सारख्याच चुकीच्या वाटतात. प्रेक्षक अनोळखी संगीतावर चिडत नाही. त्याची चिडचिड होते ती कोणतेही संगीत कानात मुरण्याआधीच काढून घेतले जाते म्हणून.

ज्यांनी हे कधी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. साधारण एकविशीपर्यंतची मुलेमुली, दीडशेच्या आसपास संख्येने, फुटबॉलच्या मैदानावर ब्रास वाद्ये आणि तालवाद्ये वाजवत, सतत आकृत्या बदलत, दहा-बारा मिनिटांचा एकच शो सादर करतात, आणि तोच शो घेऊन उन्हाळाभर बसने गावोगाव फिरतात. व्हायोलिन नाही, क्लॅरिनेट नाही. आपल्या ढोल-ताशा पथकांशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. तिथे ताल हाच सगळा ऐवज असतो, इथे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेले संगीत ट्रम्पेट, मेलोफोन आणि ट्यूबावर बसवलेले असते. या प्रकाराची मुळे युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांमध्ये आहेत, त्यामुळे संचलनाची गीते आणि देशभक्तीपर धून हा तिथला मूळ ठेवा. त्यावर पुढे जॅझ आले, ब्रॉडवे आले, रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंटने व्हाग्नर आणि द्वोर्झाक आणले. म्हणजे ‘आमचे पारंपरिक संगीत’ म्हणून आज ज्याचा कैवार घेतला जातो, तेही एकेकाळी या मैदानावर नवखेच होते.

आता १९९३ कडे येऊ, कारण हा वाद कुठूनही सुरू झाला तरी तिथेच येऊन थांबतो. त्या वर्षी मिसिसिपीतल्या जॅक्सन येथे स्टार ऑफ इंडियाना या कोअरने सॅम्युएल बार्बर आणि बेला बार्टोक या विसाव्या शतकातल्या दोन संगीतकारांच्या संगीतावर शो केला. बार्बरचे ‘मीडिया’ (ग्रीक पुराणकथेतल्या मीडियावरच्या बॅलेचे संगीत) आणि बार्टोकचे ‘तंतुवाद्ये, तालवाद्ये आणि सेलेस्टा यांच्यासाठीचे संगीत’. याच कोअरने दोन वर्षे आधी रेस्पिगीच्या झगमगीत रोमन चित्रांवर अजिंक्यपद मिळवले होते, त्यामुळे लोक तशाच सोहळ्याच्या अपेक्षेने बसले होते. समोर आले ते काटकसरीचे, टोकदार, मध्येच गप्प होणारे, टाळ्यांसाठी मुद्दाम न थांबणारे काहीतरी. त्या उन्हाळ्यात काही ठिकाणी प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्याचे जुने चाहते अजून सांगतात. अंतिम फेरीत स्टारला ९७.३ गुण मिळाले आणि प्रतिस्पर्धी कॅडेट्स कोअरला ९७.४, एका दशांशाने अजिंक्यपद गेले. त्यानंतर स्टारने स्पर्धाच सोडली.

ही गोष्ट सहसा ‘प्रेक्षकाला आधुनिक संगीत झेपले नाही’ याचा पुरावा म्हणून सांगितली जाते. पण विजेत्या कॅडेट्सनी काय वाजवले होते हे सांगायला सगळे विसरतात. त्यांनी डेव्हिड होल्सिंगर या हयात संगीतकाराची विंड बँडसाठीची रचना वाजवली होती. बायबलमधल्या, राजे युद्धावर निघण्याच्या ऋतूविषयीच्या वाक्यावरून तिचे नाव घेतलेले आहे. लय सतत मोडणारी, आघातांनी भरलेली, आणि बँडच्या जगाबाहेर जवळजवळ कोणालाच ठाऊक नसलेली. बार्टोकची रचना १९३६ ची, होल्सिंगरची १९८० च्या दशकातली. म्हणजे त्या रात्री ज्या संगीताला लोकांनी डोक्यावर घेतले ते ‘दुर्बोध आधुनिक’ म्हणून हिणवलेल्या संगीताहून सुमारे अर्ध्या शतकाने नवे होते. दोन्ही शो अनोळखीच होते. फरक होता तो वेगाचा आणि संयमाचा: एक शो प्रेक्षकाला हाताला धरून ओढत नेत होता, दुसरा त्याला जवळ यायला सांगत होता. तेव्हा अनोळखीपणावर सगळे खापर फोडणे मला तरी पटत नाही.

स्टारच्या कथेचा पुढचा भाग तर अधिकच बोलका आहे. स्पर्धेतून बाहेर पडलेल्या याच मंडळींनी पुढे कॅनेडियन ब्रास या पंचकाबरोबर कार्यक्रम केले आणि त्यातून ‘ब्लास्ट!’ नावाचा रंगमंचीय प्रयोग उभा राहिला. तो १९९९ मध्ये लंडनमध्ये आला, २००१ मध्ये ब्रॉडवेवर गेला आणि त्याला टोनी पुरस्कारही मिळाला. त्या प्रयोगात ‘मीडिया’ होते. ज्या संगीतावर ड्रम कोअरचे मुरलेले प्रेक्षक कुरकुरले, त्याच संगीताला ड्रम कोअर म्हणजे काय हेही ठाऊक नसलेल्या लोकांनी तिकीट काढून दाद दिली. आणि आज स्टारचा १९९३ चा शो न आवडणारा चाहता मला क्वचितच भेटतो. त्या वेळी नाके मुरडणारे सगळे कुठे गेले कोण जाणे.

‘अनोळखी’ म्हणताना कोणाला अनोळखी, हाही प्रश्न आहेच. या स्टेडियमांत बसलेल्यांपैकी फार मोठा भाग शाळा-महाविद्यालयांच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या किंवा कधीकाळी वाजवलेल्या लोकांचा असतो. फ्रँक टिकेली, रॉन नेल्सन, मायकेल डॉहर्टी ही नावे ऑर्केस्ट्राच्या सभागृहातल्या ज्येष्ठ रसिकाला कदाचित चटकन आठवणार नाहीत, पण माझ्या मुलीच्या वर्गातल्या मुलांना ती नेहमीची आहेत, कारण त्यांनी ती वाजवलेली आहेत. याच कॅडेट्सनी, तेव्हाच्या नावाने गारफील्ड कॅडेट्सनी, १९८३ मध्ये नेल्सनची ‘रॉकी पॉइंट हॉलिडे’ घेऊन पहिले अजिंक्यपद पटकावले तेव्हा ती काही कोणाच्या ओठांवरची धून नव्हती. पण ड्रिलचा, म्हणजे मैदानावरच्या हालचालींचा, वेग आणि संगीताचा वेग असे एकजीव झाले होते की रचना ओळखीची आहे की नाही याचा विचार करायला कोणाला सवडच नव्हती. सबंध हायस्कूलभर विसाव्या शतकातले बँड संगीत वाजवणारा श्रोता इतक्या संख्येने जगात दुसरीकडे कुठे एकत्र बसत असेल असे मला वाटत नाही, आणि त्यालाच आपण ‘तयार नसलेला प्रेक्षक’ म्हणतो!

एक अडचण मात्र खरी आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते: ध्वनी. मैदान शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांब. आवाजाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. वादक या अंतरावर पसरलेले असतात आणि वर धावतही असतात, म्हणून ते एकमेकांचे ऐकून नव्हे तर मागून येणाऱ्या तालवाद्यांच्या आवाजावर आणि ड्रम मेजरच्या, म्हणजे समोर उभ्या संचालकाच्या, हातावर वाजवतात. त्यात लुकास ऑइल स्टेडियमसारखी बंदिस्त, प्रचंड वास्तू असेल तर प्रतिध्वनीमुळे सुरांच्या बारीक गुंफणीचा चिखल होतो. बार्टोकच्या पहिल्या भागातला फ्यूग (एकच धून एकामागून एक आवाज उचलतात तो प्रकार) सभागृहात ऐकताना एकेक आवाज दाखल होताना स्पष्ट कळतो. तोच स्टेडियमच्या वरच्या रांगेतून ऐकला तर कळेलच याची खात्री नाही. कित्येकदा प्रेक्षकाला संगीत समजले नाही असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला ते मुळात ऐकूच आलेले नसते. हे अरेंजरने, म्हणजे मूळ संगीत कोअरसाठी बसवणाऱ्याने, ओळखायला हवे. आवाज मैदानावर कुठे ठेवायचे, कोणता सूर पुढे आणायचा, कुठे गर्दी कमी करायची, हे त्याचेच काम आहे.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. गेल्या काही वर्षांत कितीतरी शोमध्ये एकाच रचनेचा वीस-तीस सेकंदांहून मोठा सलग भाग ऐकायलाच मिळत नाही. एका समकालीन रचनेतला एक आरोह, मग सिंथेसायझरचा गुरगुराट, मग कोणाचा तरी ध्वनिमुद्रित आवाज एखादे गंभीर वाक्य म्हणतो, मग तालवाद्यांचा कसरतीचा तुकडा, मग तिसऱ्याच कोणाची तरी कळसाची चार मापे. २००४ पासून ध्वनिवर्धनाला आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी मिळाली, त्यातून चांगलेही बरेच झाले, पण दोन न जुळणारे तुकडे जोडायला डिंक म्हणूनच त्यांचा वापर अधिक होऊ लागला. आधुनिक संगीताला ओळखीच्या चालीचा आधार नसतो. त्याचा आधार त्याच्या वाढण्यात, परत येण्यात, साचण्यात असतो. तो वेळच दिला नाही तर उरतो तो नुसता आवाज. विलंबित ख्यालाची बढत जिथे संयमाने ऐकली जाते अशा समाजातून आल्यामुळे मला हे अधिक खुपत असेल, हे मान्य.

जिथे वेळ दिला गेला तिथे काय झाले तेही पाहावे. कॅरोलायना क्राउनने २०१३ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणावर शो केला आणि त्यात फिलिप ग्लासच्या ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ या ऑपेरातले संगीत घेतले. किंचित बदलत राहणारा तोच तो आकृतिबंध, अतिवेगाने, जिभेच्या दुहेरी आघातांनी, अख्ख्या ब्रासने एकसाथ वाजवलेला. ग्लासच्या नावाने सभागृहात आजही काही लोक जांभई देतात. इथे स्टेडियम उभे राहिले आणि क्राउनला पहिले अजिंक्यपद मिळाले. पुढच्याच वर्षी ब्लूकोट्सनी ‘टिल्ट’मध्ये सगळा सूरच घसरवत नेला, आपण मींड म्हणू अशा रीतीने, पण शेकडो फूट रुंदीच्या मैदानावर. मूळ संगीत कोणाचे हे विचारायला कोणी थांबले नाही. एकच कल्पना मन लावून, तिचे टोक गाठेपर्यंत मांडली होती, आणि ती शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळली.

परीक्षकांचा यात वाटा आहेच. शंभरपैकी चाळीस गुण ‘जनरल इफेक्ट’ला, म्हणजे शोच्या एकूण परिणामाला, असतात, आणि क्षणाक्षणाला काहीतरी नवे घडत राहणे म्हणजेच परिणाम अशी समजूत रूढ झाली की रचनाकार सलग संगीत लिहायला धजत नाही. थांबणे महाग पडते, असे त्याला वाटते, आणि गुणपत्रिका पाहता त्याचे फार चुकत असेल असेही नाही.

ज्यांना फक्त ओळखीची गाणी हवी आहेत त्यांना मी हसत नाही. मॅडिसन स्काउट्सचे १९८८ चे ‘मालागेन्या’ आजही ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तिकिटाचे पैसे देणाऱ्या माणसाला रात्री घरी जाताना काहीतरी गुणगुणावेसे वाटले तर तो काही अडाणी ठरत नाही. माझे म्हणणे एवढेच की तोच माणूस बार्टोकही ऐकून घेतो. फक्त त्याला बार्टोक ऐकवा, बार्टोकची कात्रणे नकोत.

मला स्वतःला पाहायचे आहे ते त्याच बार्टोक रचनेचा तिसरा भाग, अडाजिओ. त्याची सुरुवात झायलोफोनवरच्या एकाच उंच सुराने होते. तो सूर हळूहळू वेग घेतो आणि पुन्हा मंदावतो. प्रत्येक कोअरच्या पिटमध्ये, म्हणजे मैदानापुढे एका जागी मांडलेल्या तालवाद्यांच्या ताफ्यात, झायलोफोन आणि मारिंबा असतातच, वाजवणारी मुलेही कमालीची तयार असतात, म्हणजे हा भाग जणू त्यांच्यासाठीच लिहिला आहे. एखाद्या कोअरने तो न तोडता, चार-पाच मिनिटे सलग, सिंथेसायझरविना बसवून दाखवावा. ऑगस्टपर्यंत मी त्यांच्यामागे गावोगाव जायला तयार आहे, आणि बसमध्ये जागा असेल तर मुलीलाही घेऊन येईन.